उंदीर, ऊस आणि बाहेरचा काटा

मंडळी, या शनिवारचा विषय वाचून निम्मे लोक टॅब बंद करणार याची मला खात्री आहे. विषय आहे उंदरांच्या चाचण्या! स्ट्रोकवर औषध शोधताना प्रयोगशाळेत उंदरांना चालायला, वळायला, तोल सांभाळायला लावतात आणि त्याचं मोजमाप करतात. हे मोजमाप प्रत्येक कॉलेजने आपापल्या खोलीत करावं, की सगळ्यांनी मिळून एक सामायिक सोय उभी करावी? ज्यांना मंडईत जायचंय त्यांच्यासाठी माझं मत आधीच सांगून टाकतो. सामायिक सोय हवीच, आणि तिची सुरुवात आमच्या नगर जिल्ह्यात व्हायला हवी. पण सामायिक इमारत नको. सामायिक हवा तो काटा.

आता काटा म्हणजे काय, ते पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला लागेल. नगर (कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर, आमच्या तोंडात अजून नगरच) म्हणजे उसाचा जिल्हा. ऊस तुटला, गाडी भरली, कारखान्यावर गेली की पहिल्यांदा वजनकाटा. तिथे जो आकडा पडेल त्यावर शेतकऱ्याचं वर्षभराचं गणित. पण काटा कोणाचा? ऊस घेणाऱ्याचाच! त्यामुळे 'काटामारी' हा शब्द आमच्याकडे लहान पोरालाही कळतो, आणि पुष्कळ शेतकरी वाटेतल्या खाजगी काट्यावर गाडी आधी तोलून घेतात. सगळे कारखाने काटा मारतात असं मी अजिबात म्हणत नाही. ज्याचा आकड्यात फायदा आहे त्याच्याच हातात मोजमाप असेल, तर खरा आकडासुद्धा कोणाला खरा वाटत नाही, एवढंच म्हणतोय.

हे डोक्यात ठेवा आणि आता माझ्याबरोबर दवाखान्यात चला.

गावाकडे स्ट्रोक म्हणत नाहीत. 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. पुस्तकात पक्षाघात किंवा अर्धांगवायू. बहुतेक वेळा होतं असं की मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो. २००६ साली जेफ्री सेव्हर नावाच्या डॉक्टरांनी हिशोब मांडला होता, की मोठी रक्तवाहिनी बंद पडलेल्या स्ट्रोकमध्ये उपचाराविना दर मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी मरतात. दर मिनिटाला! आपला स्टँडअप कॉल पंधरा मिनिटं चालतो, त्यावरून गुणाकार तुम्हीच करा.

गुठळी विरघळवणारं औषध आहे. टीपीए हे त्यातलं जुनं. १९८५ साली सशांवरच्या प्रयोगात त्याचा फायदा दिसला, १९९५ साली माणसांवरची मोठी चाचणी यशस्वी झाली, १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच्याच कुळातलं टेनेक्टेप्लेज तर आपल्या हिंजवडीतली जेनोव्हा कंपनी बनवते. (ज्या ट्रॅफिकला आपण रोज शिव्या घालतो त्याच ट्रॅफिकमध्ये स्ट्रोकचं औषध बनवणारी माणसंही अडकलेली असतात, हे लक्षात असू द्या.) पण अट अशी की साधारण साडेचार तासांच्या आत औषध द्यायचं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव झालेला नाही याची खात्री करायची. काही निवडक पेशंटमध्ये नळी घालून गुठळी बाहेर काढतात, त्याला जास्त वेळ मिळतो, पण ती सोय मोठ्या शहरात.

आता नकाशा काढा. नगर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीत रात्री दोन वाजता म्हातारीचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना. कोणी म्हणणार सकाळी बघू, कोणी अंगारा लावणार, मग जीप शोधायची, घाट उतरायचा, तालुक्याच्या गावी जायचं, तिथून पुढे सीटी स्कॅन असेल तिथे. साडेचार तास म्हणजे काहीच नाहीत हो! अशा माणसांसाठी वेगळी औषधं हवीत. जीपमध्येच देता येतील आणि दवाखाना येईपर्यंत पेशी तगवून धरतील अशी. किंवा महिन्यानंतर दिली तरी गेलेला हात थोडा तरी परत आणतील अशी. जगभर सर्वमान्य झालेलं असं औषध आज एकही नाही.

प्रयत्न कमी पडले म्हणून नाही हे. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजदाद केली, तर स्ट्रोकवर प्रयोगशाळेत तपासलेले तब्बल १,०२६ उपाय निघाले. त्यातले ११४ माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचले. गंमत (की दुर्दैव) अशी, की जे माणसांपर्यंत पोचले ते प्राण्यांमध्ये बाकीच्यांपेक्षा काही विशेष सरस होते असंही नाही. एनएक्सवाय-०५९ नावाच्या औषधाचं उदाहरण सगळ्यात बोलकं. उंदरांमध्ये उत्तम, २००६ साली माणसांवरच्या पहिल्या मोठ्या चाचणीत थोडी आशा, आणि २००७ साली दुसऱ्या, तीन हजारांवर पेशंट असलेल्या चाचणीत शून्य. मग लोकांनी मागे जाऊन प्राण्यांवरचे प्रयोग पुन्हा तपासले. जिथे कोणत्या प्राण्याला काय दिलंय हे मोजणाऱ्याला माहीत नव्हतं, तिथे औषधाचा फायदा कमी दिसत होता. जिथे माहीत होतं तिथे जास्त.

बघा, आला की नाही काटा!

या चाचण्या असतात कशा? ऐकायला अगदी साध्या. सर्जरी करून उंदराच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी बारीक दोऱ्याने काही वेळ बंद करतात. मग त्याचं अंग किती लुळं पडलं, औषधाने किती सुधारलं, हे बघायचं. एक रोटारॉड, म्हणजे फिरता दांडा. उंदीर त्यावर किती सेकंद टिकतो ते मोजायचं. एक काचेचा उभा नळा. उंदीर मागच्या पायांवर उभा राहून भिंतीला टेकतो, तेव्हा कोणता पंजा किती वेळा टेकवतो ते मोजायचं. एक चिकटपट्टीची चाचणी. पंजाला छोटा तुकडा चिकटवायचा, तो त्याला जाणवायला किती वेळ लागला आणि काढायला किती. आणि एक कॉर्नर टेस्ट, ही माझी आवडती. दोन फळ्या तीस अंशाच्या कोनात उभ्या करायच्या. उंदीर आत शिरतो, मिशा दोन्ही फळ्यांना लागतात, तो मागच्या पायांवर उभा राहतो आणि वळून बाहेर येतो. धडधाकट उंदीर कधी डावीकडे वळतो, कधी उजवीकडे. स्ट्रोक झालेला उंदीर बहुतेक वेळा एकाच बाजूला. अशी दहा वळणं मोजली की झाला आकडा.

सोपं वाटतं ना? आता यातले बारकावे बघा. उभं न राहता नुसतंच वळला तर ते वळण धरायचं नाही. पण अर्धवट उभा राहिला तर? ते मोजणाऱ्याने ठरवायचं. उंदीर हा निशाचर प्राणी, आणि आपण त्याची परीक्षा घेतो सकाळी अकरा वाजता. शिवाय उंदीर स्ट्रोकमधून स्वतःच पटापट सावरतो, त्यामुळे औषधाने पडणारा फरक बारीक असतो. बारीक फरक मोजायचा, हलत्या जनावरावर, आणि निकाल आपल्याला हवा तसा यावा ही इच्छा मनात!

यावरचे दोन प्रयोग मला भयंकर आवडतात. १९९९ साली अमेरिका आणि कॅनडातल्या तीन प्रयोगशाळांनी ठरवून एकाच जातीचे उंदीर, एकच उपकरणं, एकच वेळापत्रक, सगळं एकसारखं ठेवून त्याच चाचण्या केल्या. तरी काही निकाल प्रयोगशाळेगणिक वेगळे आले. म्हणजे आपलं ते 'माझ्या मशीनवर तर चालतंय' प्रकरण! दुसरा २०१४ सालचा. कॅनडातल्या संशोधकांना दिसलं की खोलीत पुरुष असला तर उंदीर ताणाखाली येतात आणि त्यांना वेदना कमी जाणवल्यासारखं दिसतं. पुरुषाची गरजही नाही, त्याने रात्रभर घातलेला टीशर्ट ठेवला तरी तेच. म्हणजे एक बॅच मॅडमनी मोजली आणि दुसरी सरांनी, तर फरक औषधाचा की सरांच्या टीशर्टचा हे सांगता येणं कठीण.

आणि या सगळ्यावर शेवटची कडी म्हणजे फाईलमध्येच राहणारे निकाल. 'काही फरक पडला नाही' असा प्रयोग कोण छापणार? २०१० साली स्ट्रोकच्या प्राणी-प्रयोगांचा हिशोब झाला. औषधांचा जो फायदा कागदावर दिसतो त्यातला साधारण एक तृतीयांश हा न छापलेल्या निकालांमुळे फुगलेला असावा, असा त्याचा अंदाज होता.

आता जरा घरचं. माझी एक मामेबहीण फार्मसीत मास्टर्स करत होती. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण हे चित्र कुठल्या एका कॉलेजचं नाहीच. तिच्या प्रोजेक्टमध्ये उंदीर होते. सर्जरी तिनेच शिकायची आणि तिनेच करायची, औषध तिनेच द्यायचं, स्टॉपवॉच तिच्याच हातात आणि वहीत आकडा तिनेच लिहायचा. कोणत्या पिंजऱ्यात औषध आणि कोणत्यात नुसतं सलाइन, हे तिला तोंडपाठ. हातात जेमतेम वर्ष, गाईडना हवा 'सिग्निफिकंट' निकाल. मला म्हणाली, "दादा, औषधाच्या ग्रुपमधला उंदीर दांड्यावरून घसरायला लागला ना, की मी मनात म्हणायचे, थांब ना रे बाळा अजून दोन सेकंद. आणि माझं बोट स्टॉपवॉचवर खरंच थांबायचं की काय, मलाच कळायचं नाही."

ती लबाड नाही हो. उलट इतकी प्रामाणिक की तिला हे जाणवलं. बहुतेकांना जाणवतही नाही. आपल्या क्षेत्रात आपण काय म्हणतो? ज्याने कोड लिहिला त्यानेच फायनल टेस्टिंग करायचं नाही. डेव्हलपर चोर असतो म्हणून का? नाही. त्याला आपलं पोर गुणीच दिसतं म्हणून. मग शॉपिंगच्या वेबसाईटवरचं एक बटण दुसऱ्या माणसाकडून तपासून घेणारे आपण, स्ट्रोकच्या औषधाचं मोजमाप मात्र ज्याचं त्याच्यावर सोडतो, हे कसं काय?

म्हणूनच सामायिक सोयीचा विषय. आणि सामायिक सोय म्हटलं की नगर जिल्ह्यासारखा दुसरा जिल्हा नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सगळ्यांनी शाळेत वाचलाय. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, लोणी परिसरातले शेतकरी, आणि १९५०-५१ च्या हंगामात पहिलं गाळप. तेव्हा प्रश्न अगदी हाच होता. एकेका शेतकऱ्याला कारखाना परवडत नाही, आणि कारखान्याशिवाय उसाला भाव नाही. मग सगळ्यांनी शेअर घेतले आणि एक कारखाना उभा केला. त्याच लोणीत पुढे ग्रामीण रुग्णालय, मेडिकल कॉलेज आणि २००३ साली अभिमत विद्यापीठ झालं. फार्मसी कॉलेजं लोणीत आहेत, संगमनेरला आहेत, कोपरगावला आहेत. नगरजवळ विळद घाटात आणखी एक मेडिकल कॉलेज आहे. एका जिल्ह्याला पुरेशी शिदोरी आहे ही. (सहकाराचं पुढे महाराष्ट्रात काय काय झालं ते आपण सगळे जाणतोच. त्यावर लिहायला बसलो तर सोमवार उजाडेल.)

मग सोपं उत्तर काय सुचतं? एक मोठी वातानुकूलित इमारत बांधा, महागडी यंत्रं आणा, आणि सगळ्या कॉलेजांनी आपले उंदीर तिथे न्या. यंत्रं वाटून घेण्याची कल्पना देशात नवीन नाहीच. पुण्याच्या आयसरमध्ये उंदरांची राष्ट्रीय सुविधा आहे, आणि सरकारी पैशातून घेतलेली उपकरणं बाहेरच्यांनाही वापरता यावीत म्हणून २०२० पासून आय-स्टेम नावाचं पोर्टलही आहे. चांगलंच आहे ते. पण नगर जिल्ह्यात अशी इमारत हे उत्तर आहे असं मला वाटत नाही. कारणं तीन.

पहिलं, कोपरगावचा उंदीर टेम्पोतून लोणीला आणला तर उतरल्यावर तो उंदीर राहत नाही, घाबरलेला गोळा होतो. त्याला नव्या जागेत रुळायला कित्येक दिवस द्यायला लागतात. सर्जरी झालेला असेल तर बघायलाच नको.

दुसरं, इमारतीला पैसे लागतात, पैशाला उद्घाटन लागतं, आणि उद्घाटनानंतर एसीच्या बिलाचं बजेट लागतं. पुढचं सांगत नाही.

तिसरं कारण महत्त्वाचं. सगळे प्रयोग एकाच खोलीत, एकाच तापमानात, एकाच जातीच्या उंदरांवर केले तर निकाल फार सुबक येतात, पण ते त्या खोलीपुरतेच खरे असण्याचा धोका असतो. इथे मला राहुरी आठवते. कृषी विद्यापीठ उसाचं किंवा ज्वारीचं नवं वाण सोडतं तेव्हा एकाच प्लॉटवरचं पीक बघून सोडत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या जमिनीत, काही हंगाम लावून बघतात, आणि मगच शिफारस करतात. आमच्या शेतकऱ्यांचा लाडका शहाऐंशी शून्य बत्तीस ऊस मूळचा कोइमतूरचा, पण इथल्या शेतात आला तो राहुरी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्रामार्फत, इथल्या मातीत पारखून. उसाच्या कांडीवर आपण एका शेताच्या भरवशावर विश्वास ठेवत नाही, मग म्हातारीच्या मेंदूत जाणाऱ्या औषधावर एका पिंजऱ्याच्या भरवशावर कसा ठेवायचा?

तेव्हा गोठे अनेक असू द्या. काटा एक करा. आणि काटा बाहेरचा करा.

ही काही माझ्या सुपीक डोक्यातून निघालेली कल्पना नाही. २०१५ साली युरोपात सहा केंद्रांनी मिळून उंदरांवर एक चाचणी केली, अगदी माणसांवरच्या चाचणीच्या शिस्तीत. तिथे दिसलं की ते औषध लहान स्ट्रोकमध्ये उपयोगी पडतं, मोठ्यात नाही. पुढे त्याच जातकुळीचं औषध माणसांवर तपासलं तेव्हा मेंदूतली इजा काही कमी झाली नाही. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने याहून मोठं काम हाती घेतलं. त्याचं नाव स्पॅन. सहा प्रयोगशाळा, सहा उपाय, अडीच हजारांवर प्राणी. त्यात तरुण नरांबरोबर माद्या होत्या, म्हातारे उंदीर होते, लठ्ठ उंदीर होते, ब्लडप्रेशरवाले रॅटही होते. (स्ट्रोक तरुण पैलवानांना थोडाच होतो!) कोणाला काय द्यायचं ते केंद्रातून ठरणार आणि बाटल्यांवर फक्त कोड असणार. मुख्य मोजमाप कोणतं? आपली कॉर्नर टेस्ट! प्रत्येक प्रयोगशाळेने तिचं शूटिंग करायचं, व्हिडिओ मध्यवर्ती सर्व्हरवर चढवायचा, आणि मोजायचा दुसऱ्यांनी, ज्यांना उंदीर कोणाचा आणि औषध कोणतं हे माहीत नाही. २०२३ साली निकाल छापले गेले. सहापैकी पाच गळले. युरिक ॲसिड हा एकच उपाय शेवटपर्यंत टिकला.

काही जण म्हणतील, एवढं करून एकच? मला तर हीच बातमी वाटते. पाच नापास झाले ते उंदरांच्या पातळीवर, हजारो पेशंट आणि अब्जावधी रुपये घालण्याआधी.

आता हाच नमुना नगर जिल्ह्यात कसा बसवता येईल ते लिहितो. अगदी हापिसातल्या प्रपोजलसारखं, पण पीपीटीशिवाय.

एक, किट एकसारखं. एकाच सुताराकडून तीस अंशाच्या फळ्यांचे सेट करून घ्या, त्याच मापाचे नळे, तोच मोबाईल स्टँड, तोच दिवा, आणि फळीवर कॅमेऱ्यासाठी तीच खूण. यात महागडं काहीच नाही.

दोन, वाटणी बाहेरून. कोणत्या उंदराला औषध आणि कोणाला सलाइन ते कॉम्प्युटर ठरवेल, आणि कुप्या भरून कोड लावायचं काम दुसरं कॉलेज करेल. कोड फुटणार शेवटी.

तीन, मोजणी बाहेरून. संगमनेरचा व्हिडिओ लोणीत मोजायचा, लोणीचा कोपरगावात. दोघांनी वेगवेगळा मोजायचा, आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्याने. व्हिडिओवरून प्राण्याच्या हालचाली टिपणारं डीपलॅबकट नावाचं फुकट सॉफ्टवेअर २०१८ पासून उपलब्ध आहे, त्याचीही मदत घेता येईल. पण सुरुवातीला माणसाचे डोळे हवेतच.

चार, नोंदवही सामायिक. प्रयोग सुरू करण्याआधी काय मोजणार, किती उंदरांवर मोजणार, मध्येच दगावलेल्या उंदराचं काय करणार, हे लिहून टाकायचं. आणि निकाल काहीही येवो, तो वहीत चढणार. 'फरक पडला नाही' हाही निकालच.

यात उंदीर आपापल्या कॉलेजातच राहतात हे बघा. आपल्याकडे प्राण्यांवरचा प्रयोग नोंदणी असलेल्या जागेतच करता येतो आणि संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी लागते. त्या समितीवर केंद्राच्या समितीने (आधीची सीपीसीएसईए, आताची सीसीएसईए) नेमलेली बाहेरची माणसंही असतात. ते सगळं जसंच्या तसं राहतं. प्रवास करतो तो फक्त व्हिडिओ. आणि हे नीट बसलं, कॉलेजांचा एकमेकांवर विश्वास बसला, की मग महागड्या गोष्टींसाठी एखादी सामायिक खोली खुशाल काढा. आधी काटा, मग शेड.

आता शंका येणारच.

"मुळात उंदरांवर प्रयोगच कशाला?" प्रश्न रास्त आहे, आणि मला त्याचं सोपं उत्तर येत नाही. २०२३ साली आपल्या औषध-चाचणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी, चिप वगैरे बिगर-प्राणी पद्धतींना दार उघडलं, ते चांगलंच झालं. पण बशीतल्या पेशी चालत नाहीत, वळत नाहीत, त्यांचा तोल जात नाही. लुळा पडलेला हात परत आला का, हे बघायला आज तरी चालतं-फिरतं शरीर लागतं. आणि ज्यांना प्राण्यांची कणव आहे त्यांनी तर या काट्यासाठी सगळ्यात जास्त भांडायला हवं. तीस उंदीर मारून जो निकाल कोणी मानणार नाही, तो प्रयोग म्हणजे तीस उंदीर फुकट गेले. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली 'प्राणी कमी वापरा' हे तत्त्व मांडलं. वाईट मोजमापाने वापरलेला प्राणी कमी नाही, वायाच जातो.

"आमचा डेटा दुसऱ्या कॉलेजने ढापला तर?" अहो, कोड लावलेल्या उंदराचा वळतानाचा व्हिडिओ ढापून कोण काय करणार? आणि कोणी कधी काय चढवलं याची नोंद ठेवणं हे तर आपल्या रोजच्या पोटापाण्याचं काम आहे.

"पोरांची डिग्री अडकेल." ही मात्र खरी अडचण. निकाल शून्य आला तर थिसिस बाद, ही भीती असेपर्यंत कोणताही काटा चालणार नाही. कारण शून्य नको असणारा माणूस काट्याला वळसा घालायची वाट शोधणारच. तेव्हा नियम असा हवा, की प्रयोग ठरल्याप्रमाणे नीट केला, बाहेरच्याने मोजला, तर निकाल काहीही येवो, डिग्री पक्की. विद्यापीठांनी एवढं एक केलं तरी अर्धं काम झालं. याला पैसाही लागत नाही, फक्त एक परिपत्रक लागतं.

"आणि चेअरमन कोण?" हा प्रश्न नगर जिल्ह्यात पहिल्या मिनिटाला येणार, मला माहीत आहे. माझं उत्तर: चेअरमन नकोच. चिठ्ठी टाकून दरवर्षी एका कॉलेजाकडे नोंदवही. ज्याच्याकडे वही त्या वर्षी त्याने स्वतःचे उंदीर मोजायचे नाहीत.

यातून उद्या स्ट्रोकचं औषध निघेल असा माझा दावा नाही. कदाचित दहा वर्षं या वहीत फक्त शून्यच चढतील. पण ती खरी शून्यं असतील. आज त्या अकोल्याच्या वाडीतल्या म्हातारीसाठी कोणी म्हणालं 'उंदरांमध्ये फार छान रिझल्ट आहेत', तर डॉक्टरने त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हेच ठरवता येत नाही. वर्षानुवर्षं पोरं राबतात, उंदीर मरतात, थिसिस बाइंड होऊन कपाटात जातात, आणि त्यातून पुढच्या माणसाला उचलून नेता येईल असा एक आकडा हाती लागत नाही. याचं मला खरं वाईट वाटतं.

तर मंडळी, व्हिडिओ चढवायचा, कोड लावायचा, दोघांना मोजायला पाठवायचा आणि फरक दिसला तर तिसऱ्याला, एवढ्या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती आपल्यातल्या चौघांना चार-पाच वीकेंडमध्ये करता येईल. मी डेटाबेस आणि लॉगिनचं काम घेतो. स्क्रीन डिझाइन मला जमत नाही हे तुम्ही जाणताच. तुमच्यापैकी कोणाचे भाऊबहीण, मित्र, शिक्षक नगर जिल्ह्यातल्या फार्मसी किंवा मेडिकल कॉलेजात असतील, तर त्यांना एकच प्रश्न विचारून ठेवा: तुमचे उंदीर दुसऱ्याने मोजलेले चालतील का? किती जण 'हो' म्हणतात ते मला कळवा. 'नाही' म्हणणारे किती तेही कळवा, शून्यासकट सगळं वहीत चढवायचं आहे.